विजेच्या बालवयातली रहस्यकादंबरी: पहिल्यांदाच लिहायला बसणाऱ्यांसाठी

खोलीतले पडदे ओढून घेतले आहेत. एक पोरगा चाकाची मूठ फिरवतो आहे, काचेचा गोळा गरगर फिरतो आहे आणि त्यावर टेकवलेल्या कोरड्या तळव्याखाली निळसर उजेड थरथरतो आहे. मेणबत्त्या मुद्दाम विझवल्या आहेत. वीस-पंचवीस प्रतिष्ठित माणसं हातात हात धरून गोल उभी आहेत. ठिणगी उडते, सगळेच एकदम किंचाळतात. मेणबत्त्या पुन्हा पेटतात तेव्हा गोलातला एक माणूस जमिनीवर पडलेला असतो आणि तो काही उठत नाही.

हा प्रसंग मी रचला असला तरी असे खेळ १७४० च्या दशकात युरोपभरच्या दिवाणखान्यांत खरोखर होत. अंधार, गर्दी, एकमेकांचे धरलेले हात आणि कुणालाच नीट न कळणारी एक शक्ती: रहस्यकथेला आणखी काय हवं? अशी कादंबरी लिहायची इच्छा असलेल्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या ज्या क्रमाने सांगते आहे त्याच क्रमाने चढा. माझा अनुभव असा, की कथानक आधी बांधून काळ मागाहून चिकटवला की पन्नासाव्या पानावर सगळं उसवायला लागतं.

पहिली पायरी: शतक नव्हे, वर्ष ठरवा

‘अठराव्या शतकातली कथा’ एवढं म्हणून भागत नाही. या विषयात दहा वर्षांत जग बदलतं. तुमचा शोधक काय जाणू शकतो आणि काय नाही, हे वर्षावर ठरतं आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. वाचकाला आज जे शाळेत शिकवलेलं असतं ते शोधकाला ठाऊक नसतं. त्याला आपल्या काळातल्या तुटपुंज्या ज्ञानावर खुनी पकडायचा असतो.

१७२९ निवडलं तर विजेची बाटली नाही, साठवण नाही. हातात घासायची काचेची नळी आहे आणि वीज दोऱ्यातून दूर जाते हा स्टीफन ग्रेचा ताजा शोध आहे. १७३३ नंतर फ्रान्सच्या द्यु फेमुळे दोन प्रकारच्या विजा आल्या: काचेची आणि राळेची. १७४५ च्या ऑक्टोबरात पोमेरेनियात फॉन क्लाइस्टला आणि पाठोपाठ हॉलंडच्या लायडन शहरात मुशेनब्रूकला, बाटलीत वीज साठते हे कळलं. जानेवारी १७४६ मधल्या पत्रात मुशेनब्रूकने पॅरिसला कळवलं, की फ्रान्सचं राज्य दिलं तरी तो झटका मी पुन्हा घेणार नाही. त्याच वर्षी आबे नोले या फ्रेंच प्रयोगकर्त्याने फ्रान्सच्या राजासमोर १८० शिपायांची हातात हात गुंफलेली रांग बाटलीच्या एकाच झटक्याने दचकून उसळवून दाखवली. १७५२ च्या मेमध्ये आकाशातली वीज आणि बाटलीतली वीज एकच, हे सिद्ध झालं. १७९१ मध्ये बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचा ग्रंथ छापला, १८०० मध्ये व्होल्टाने आपली रास, म्हणजे धातूच्या चकत्यांची चळत असलेली पहिली बॅटरी, जाहीर केली आणि विजेला प्रथमच अखंड प्रवाह मिळाला.

नवख्यांना मी १७४६ ते १७५३ हा तुकडा सुचवेन. बाटली आली आहे, पण ती का चालते याबद्दल एकमत नाही. ढगातल्या विजेचा प्रश्न १७५२ पर्यंत उघडा आहे. आणि या तुकड्याच्या शेवटी एक खराखुरा मृत्यू आहे, त्याच्याकडे पुढे येते.

दुसरी पायरी: वस्तू हातात घ्या

वाचून लिहिलेलं आणि करून लिहिलेलं यांतला फरक वाचकाला लगेच जाणवतो. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. कोरड्या दिवशी प्लॅस्टिकची नळी लोकरीच्या कापडाने घासा आणि कागदाच्या कपट्यांवर धरा. मग तेच पावसाळी हवेत करून पाहा. काही होणार नाही, झालं तरी नावापुरतं. दमट हवेत वीज पृष्ठभागावरून निसटून जाते. त्या काळचे प्रयोगकर्ते थंड, कोरड्या हवेची वाट बघत आणि भरलेल्या खोलीतल्या माणसांच्या श्वासाने प्रयोग फसला म्हणून हळहळत. आता बघा, सुगावा तुमच्या हातात आला: धो धो पावसाच्या रात्री, माणसांनी गच्च भरलेल्या खोलीत जोरदार ठिणगी पाहिली असं जो साक्षीदार छातीठोक सांगतो, तो एकतर तिथे नव्हता किंवा त्याने पाहिलेली ठिणगी विजेची नव्हती.

भेंडाच्या दोन गोळ्या रेशमाच्या दोऱ्याने शेजारी टांगा. घासलेली नळी लावली की त्या एकमेकींपासून दूर सरतात. त्या काळचं वीज मोजायचं साधन जवळपास एवढंच होतं. पुढे जाऊन मोठ्या बाटल्या घरी करायच्या भानगडीत मात्र पडू नका. लायडन बाटली म्हणजे आतून-बाहेरून कथलाचा वर्ख लावलेली काचेची बाटली आणि बुचातून आत सोडलेली पितळी सळई. दिसायला निरुपद्रवी वस्तू, पण अशा बऱ्याच बाटल्या एकत्र जोडल्या की खेळ राहत नाही. आणखी एक गुण लक्षात ठेवा: एकदा रिकामी केलेली बाटली थोडा वेळ तशीच ठेवली तर तिच्यात थोडीफार वीज पुन्हा जमलेली आढळते. ‘मी स्वतः रिकामी केली होती’ असं शपथेवर सांगणारा निरपराध सहायक इथून जन्माला येऊ शकतो.

तिसरी पायरी: वीज हे हत्यार करू नका

या पायरीवर मी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक पहिले खर्डे इथेच बुडतात. नव्या लेखकाला पहिली कल्पना सुचते ती ‘विजेच्या बाटलीने खून’ ही. हातात मावणाऱ्या साध्या बाटलीचा झटका धडधाकट माणसाला सहसा मारत नाही. हात बधिरतो, छातीत कळ जाते, माणूस घाबरून पडतो, इतकंच. डिसेंबर १७५० मध्ये बेंजामिन फ्रँकलिन दोन मोठ्या बाटल्यांनी टर्की पक्षी मारायला गेला आणि झटका त्यालाच बसला. तो शुद्धीवरून गेला, हात आणि मान बधिर झाली, छातीचं हाड पुढे काही दिवस दुखत राहिलं, पण तो जगला. त्याने भावाला लिहिलेल्या पत्रातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. भोवतीच्या लोकांनी मोठा लखलखाट पाहिला, पिस्तुलासारखा आवाज ऐकला. त्याला स्वतःला ना उजेड दिसला, ना आवाज ऐकू आला.

म्हणजे ज्याला झटका बसतो तोच सर्वात कुचकामी साक्षीदार! गोलात उभ्या असलेल्या वीस जणांना झटका बसला असेल, तर त्या क्षणाचा भरवशाचा साक्षीदार एकही नाही. या क्षणभराच्या आंधळेपणात खरा खून साध्या सुरीने किंवा आधीच पेल्यात घातलेल्या विषाने होऊ द्या. सगळं गाव ‘विजेने मारलं’ म्हणत असताना तुमच्या शोधकाने एवढाच प्रश्न विचारावा: बाटलीने मारलं असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना हात धरून उभे असलेले दोघे कसे जगले?

वीज कथेत तीन कामं छान करते. ती साक्ष बिघडवते, आळ भलत्यावर नेते आणि क्वचित पुरावा देते. एखाद्याला वीज हत्यार म्हणून हवीच असेल, तर आकाशातली घ्या. ऑगस्ट १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिखमान हा प्राध्यापक वादळ येताना पाहून घरी धावला. छपरावरून खोलीत आणलेली लोखंडी सळई त्याने जमिनीशी जोडलेली नव्हती, कारण त्याला विजेचं माप घ्यायचं होतं. सोबत अकादमीचा कोरीवकाम करणारा सोकोलोव होता. रिखमान सळईपासून जवळच उभा असताना विजेचा गोळा त्याच्या डोक्याकडे आला. कपाळावर लाल ठिपका, फाटलेला जोडा, मोडलेली दाराची चौकट. सोकोलोव खाली आदळला, पण वाचला. तो अपघातच होता, त्याबद्दल शंका नाही. पण लेखकाच्या मनात प्रश्न उठल्याशिवाय राहत नाही: दुसऱ्या एखाद्या शहरात, दुसऱ्या एखाद्या प्रयोगकर्त्याच्या सळईची जमिनीशी जोडलेली तार कुणी मुद्दाम सोडवली असती तर? असं कथानक रचताना खऱ्या माणसाच्या मृत्यूला हात लावू नका. स्वतःचं पात्र घ्या आणि रिखमानची बातमी वर्तमानपत्रात वाचून खुन्याला युक्ती सुचू द्या.

चौथी पायरी: हौशी शोधक कुठून आणायचा

लंडनमध्ये संघटित पोलीस दल १८२९ मध्ये आलं. १७४९ च्या सुमारास हेन्री फील्डिंगने बो स्ट्रीटच्या न्यायालयात मूठभर माणसं तपासाला ठेवली, ती सुरुवात. त्याआधी आणि नंतरही रात्रीचे पहारेकरी, गावकऱ्यांतून नेमलेले हवालदार आणि बक्षिसासाठी चोर पकडणारे लोक यांवरच कारभार चाले. खटला बहुधा मृताच्या नातेवाइकांनीच उभा करायचा असे. त्यामुळे हौशी शोधकाला कारण द्यावं लागत नाही. कुणीतरी करायलाच हवं, एवढं कारण पुरतं. पॅरिस निवडलंत तर गोष्ट उलटी. तिथे १६६७ पासून पोलिसांचा स्वतंत्र प्रमुख होता आणि त्याचे खबरे सगळीकडे होते. तिथल्या हौशी माणसाला गुन्हेगाराइतकंच पोलिसांनाही चुकवावं लागेल.

शोधक श्रीमंत विद्वान नसावा, असं माझं ठाम मत आहे. विद्वानाला सिद्धान्त जपायचा असतो. वस्तू हाताळणाऱ्याला वस्तू काय करते ते ठाऊक असतं. उपकरणं बनवणाऱ्याकडचा कारागीर, काच फुंकणारा, गावोगाव प्रयोग दाखवत फिरणाऱ्या व्याख्यात्याची चाक फिरवणारी मुलगी, विजेचे झटके देऊन लकवा बरा करू पाहणारा धर्मोपदेशक, ही माणसं सगळ्या घरांत शिरतात आणि कुणी त्यांच्याकडे बघत नाही. स्त्री शोधक हवी असेल तर तीही ओढूनताणून आणावी लागत नाही. बोलोन्यात लॉरा बास्सीने १७३२ मध्ये विद्यापीठाची पदवी मिळवली आणि पुढे नवऱ्याबरोबर घरातच प्रयोगशाळा चालवली. त्या प्रयोगशाळेत वीज होती. ल्युचिया गॅल्व्हानी नवऱ्याच्या प्रयोगांत सोबत होती.

शोधकाची विचार करायची रीत त्या काळच्या प्रयोगांतूनच उचला. ग्रे आणि त्याचा मित्र व्हीलर यांची १७२९ ची गोष्ट मला फार आवडते. त्यांनी लांबच लांब दोरा आडव्या रेशमी दोऱ्यांवर टांगला होता आणि वीज टोकापर्यंत जात होती. त्यांना वाटलं, रेशीम बारीक आहे म्हणून वीज बाजूने गळत नाही. ओझ्याने रेशीम तुटलं, म्हणून बारीक पितळी तार लावली. वीज जायची थांबली! म्हणजे कारण बारीकपणा नव्हतं, कारण रेशीम होतं. हा तपासाचा नमुनाच आहे. एका चुकीच्या समजुतीवर सगळं चालत राहतं, मग अपघाताने एक वस्तू बदलते आणि खरं कारण उघडं पडतं. तुमच्या शोधकाला कबुलीजबाब किंवा अंतःप्रेरणेपेक्षा अशी एक तुटलेली दोरी द्या.

पाचवी पायरी: सुगावे काळातूनच काढा

बोटांचे ठसे नाहीत. आर्सेनिक पक्कं ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ ची. आगकाडी १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धातली, म्हणून आधीच्या काळात विझलेली मेणबत्ती चकमक आणि भुसभुशीत कोळशानेच पेटवावी लागते. त्याला लागणारे क्षण हे तुमच्या खुन्याचे क्षण.

मग आहे काय? वास आहे. ठिणग्यांनंतर हवेत जो तिखट वास राहतो त्याला ओझोन हे नाव १८३९-४० च्या सुमारास मिळालं. त्याआधीचा माणूस त्याला गंधकाचा वास म्हणेल. १७५२ च्या १० मे रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावात ढगातली वीज उतरवून पाहण्यासाठी दालिबार या फ्रेंच प्रयोगकर्त्याची चाळीस फुटी सळई उभी होती. दालिबार गावात नव्हता. पहारा एका निवृत्त सैनिकाकडे होता आणि सळईचं आसन दारूच्या बाटल्यांवर ठेवलं होतं, कारण काच वीज गळू देत नाही. वादळ आलं, ठिणग्या उडाल्या, त्याने धर्मगुरूला बोलावणं धाडलं. गारांच्या पावसात धावणारा धर्मगुरू पाहून गावाला वाटलं, तो सैनिक मेलाच. परतल्यावर लोकांना धर्मगुरूच्या अंगाला गंधकाचा वास आला. आणि गंधकाचा वास म्हणजे सैतान, हे त्या गावातल्या कुणालाही सांगावं लागलं नसतं.

कपडे आहेत. १७५९ मध्ये रॉबर्ट सिमरने एकावर एक घातलेले काळे आणि पांढरे रेशमी मोजे उतरवून वेगळे केले तर ते फुगतात आणि एकमेकांकडे ओढले जातात, यावर चिकाटीने प्रयोग केले. मृताच्या एका पायात दोन रंगांचे मोजे का, हा प्रश्न कुठलाही वाचक सोडून देणार नाही.

पंचांग आहे. इंग्लंडने सप्टेंबर १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली. दोन तारखेनंतर थेट चौदा उजाडली. त्याआधी लंडनची तारीख पॅरिसच्या तारखेपेक्षा अकरा दिवस मागे असे, आणि इंग्लंडचं कायदेशीर नववर्ष २५ मार्चला लागे. पॅरिसहून आलेलं पत्र खुनानंतरच्या तारखेचं दिसतं, पण लिहिलेलं आधी असतं! हा सुगावा वापरणार असाल तर आपल्या सगळ्या तारखांचा तक्ता आधी भिंतीवर लावा. यात लेखकच फसण्याचा धोका मोठा आहे.

सहावी पायरी: कायदा

थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर ज्यूरीसमोर करी. ज्यूरी प्रेत डोळ्यांनी पाही आणि ही बैठक बरेचदा एखाद्या खानावळीतच भरे. १७५२ च्या कायद्याने खुन्याला शिक्षा सुनावल्यावर एक दिवस सोडून फाशी ठरली आणि प्रेत बहुधा चिरफाडीसाठी शल्यचिकित्सकांकडे जाई. निरपराध माणसाला शिक्षा झाली असेल, तर शोधकाकडे दोन रात्री आहेत. याहून चांगलं घड्याळ रचून मिळणार नाही. कथा १८०३ ची असेल तर त्याचं पुढचं टोकही आहे: त्या जानेवारीत लंडनला फाशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेतावर गॅल्व्हानीचा भाचा आल्दिनी याने विजेचे प्रयोग केले, तेव्हा जबडा थरथरला आणि एक डोळा उघडला.

फ्रान्ससाठी एक खटला सांगून ठेवते. सेंतोमेर गावातल्या एका वकिलाने १७८० मध्ये घरावर वीजरोधक सळई लावली, शेजारी घाबरले, सळई उतरवायचा हुकूम झाला. १७८३ मध्ये अरासच्या न्यायालयात ती सळई वाचवणारा तरुण वकील होता पंचविशीतला रोबेस्पिएर, पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला तोच. शेजाऱ्यांची भीती हा हेतू किती खरा असू शकतो, ते यातून शिका.

सातवी पायरी: भाषा

इथे मराठी लेखकाला जास्त काम आहे आणि जास्त संधीही. पात्रांच्या तोंडी ‘करंट’, ‘व्होल्टेज’, ‘इलेक्ट्रॉन’ येता कामा नये. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा. ‘भारित’, ‘प्रभार’ हे पाठ्यपुस्तकातले शब्दही निवेदनाला काळाबाहेर फेकतात. त्या काळी वीज एक सूक्ष्म द्रव मानत, म्हणून बाटली ‘भरली’, ‘रिकामी केली’, वीज ‘गळली’, ‘झिरपली’ हे आपले रोजचे शब्द नेमके बसतात. शॉकऐवजी हिसका, दणका, झटका. अंबर या पदार्थाला आपल्याकडे तृणमणी असा सुंदर शब्द आहे, गवताची काडी ओढून घेणारा मणी. घासल्यावर तो हलक्या वस्तू ओढतो हे त्या नावातच आहे. अशा शब्दांची वही करा.

उलट ‘पंचनामा’, ‘फौजदार’, ‘मुद्देमाल’ हे रहस्यकथेच्या सवयीने हाताशी येणारे शब्द वेगळा मुलूख घेऊन येतात. ते टाळा आणि साधं सांगा: ‘खोलीतल्या वस्तूंची यादी केली’.

तू, तुम्ही आणि आपण यांचा मात्र पुरेपूर वापर करा. घरधनीण आणि व्याख्याता चारचौघांत एकमेकांना ‘आपण’ म्हणत असतील आणि ठिणगी उडाल्याच्या घबराटीत तिच्या तोंडून ‘तुला लागलं का?’ निघालं, तर त्या एका शब्दात प्रकरणभराचं गुपित फुटतं. प्रत्येक पात्र कुणाला कसं संबोधतं याचा कागद सुरुवातीलाच करा आणि तो मोडायचा तिथेच मोडा.

आठवी पायरी: खर्डा आणि परीक्षा

शेवटचं प्रकरण आधी लिहा, निदान शोधक सगळं उलगडून सांगतो तेवढं तरी. मग त्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा: हे वाचकाला आधी कुठल्या पानावर दिसलं? उत्तर नसेल तर तो सुगावा मागे पेरा. पेरताना त्याला कामाला जुंपा. रेशमी दोरी नुसती ‘दिसली’ असं लिहू नका, तिने एक मुलगा छताला टांगू द्या. ग्रेने १७३० मध्ये सत्तेचाळीस पौंडांच्या एका मुलाला केसांच्या दोऱ्यांनी असंच टांगून त्याच्या चेहऱ्याकडे पितळेच्या वर्खाचे तुकडे उडवून दाखवले होते. वाचक मुलाकडे बघतो, दोरी त्याच्या नकळत लक्षात राहते.

संदर्भासाठी रॉयल सोसायटीची १६६५ पासूनची नियतकालिकं आणि लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातले १६७४ पासूनचे खटले इंटरनेटवर मोफत वाचता येतात. खटले आधी वाचा. मोलकरणी, गाडीवान आणि दुकानदार कसे बोलत, काय लपवत, कशाची शपथ घेत, ते तिथे कळतं.

खर्डा झाला की दोन वाचक शोधा: एक भौतिकशास्त्र जाणणारा आणि एक अजिबात न जाणणारा. पहिल्याला फक्त प्रयोगांची पानं द्या. दुसऱ्याला सगळी कादंबरी द्या आणि खुनी ओळखला की त्या पानाचा कोपरा दुमडायला सांगा. दुमडलेलं पान पहिल्या अर्ध्यात असेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा. पान दुमडलंच नसेल, तर शेवट वाचून झाल्यावर त्याला मागची पानं चाळू द्या आणि तो कुठल्या ओळीवर थांबतो ते शेजारी बसून बघा.